बर्बन आणि तांब्याचं भाण

दोन हजार सतरा साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा, आणि त्या वयात पहिल्यांदा मोठ्या जहाजावर चढलो. त्याआधी माझं जहाज म्हणजे केरीची फेरीबोट, तीसुद्धा पलीकडे तेरेखोलला नातेवाईक असल्यामुळे.

माझा मुलगा त्या जहाजावर बारमध्ये कामाला. तिथे काम करणाऱ्यांच्या आईबापांना कंपनी स्वस्तात फिरवून आणते म्हणून त्यानं आमचा पिच्छा पुरवला. पणजीला नेऊन पासपोर्ट काढून दिले, माझ्या अंगठ्याची आणि सहीची दोन्हीची तजवीज केली. सही मला येते, हे इथेच सांगून ठेवतो. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो आहे आणि माझी सही बँकेतल्या माणसापेक्षा वाचायला बरी. मुंबईला जहाजात बसायचं, मालदीवला उतरायचं आणि विमानानं घरी यायचं, असा बेत. घरकारीण, म्हणजे माझी बायको, एकच प्रश्न विचारत होती, "थंय पेज गावतली?"

पण जहाजाची गोष्ट सांगण्याआधी भट्टीची सांगायला हवी, कारण सगळं अडलं होतं ते भट्टीवर.

धारगळहून हमरस्ता सोडून आत आलं की आमचा वाडा. मागे डोंगर, डोंगरावर काजी, म्हणजे काजूची झाडं, आणि डोंगराच्या पायथ्याशी माझी काजूच्या दारूची भट्टी. माडाच्या झावळांचं छप्पर, मातीची चूल, चुलीवर रस उकळायचं तांब्याचं भाण. ते भाण माझ्या बापानं ठोकून घेतलेलं. शिगम्यापासून आंबे संपेपर्यंत मी त्या चुलीसमोर असायचो. पहिल्या धारेची ती हुराक, आणि हुराक पुन्हा भाणात घालून काढली की फेणी. मी दारू काढणारा माणूस, पिणारा नव्हे. थेंब तळहातावर घ्यायचा, दोन्ही हात चोळायचे, नाकाशी धरायचे, मग जिभेचं टोक लावायचं आणि थुंकायचं. एवढ्यावर मी सांगायचो की काजूची बोंडं वरच्या डोंगरातली की खालच्या. गावात कुणी अजून मला खोटं पाडलेलं नाही.

तर मोप्याला विमानतळाचं काम निघालं. कोल्हापूर, बेळगावकडची माणसं कामाला येऊ लागली आणि जो तो भाड्याच्या खोल्यांचं बोलू लागला. मुलाचं सासर डिचोलीला. आमचे व्याही खाणीवर ट्रक चालवायचे, स्वतःचे ट्रक होते. खाणी बंद पडल्या तेव्हापासून ट्रक घराशेजारी गवतात उभे आणि व्याही मोकळे. त्यांच्या डोक्यात आलं की माझ्या भट्टीची जागा सपाट आहे, विहीर जवळ आहे, रस्ता आहे. भट्टी मोडा, खोल्या बांधा. मुलालाही ते पटलं. तो रागानं बोलत नव्हता, हे खरं. त्याला वाटायचं, बापानं या वयात धुरात बसू नये. मला वाटायचं, मी कुठे बसावं हे मी ठरवीन. वर्षभर हेच चाललं, आणि तो रजेवर आला की जेवताना आम्ही दोघं त्या विषयाला हात लावत नव्हतो.

अशा अवस्थेत मी जहाजावर चढलो.

मुलाचा बार जहाजाच्या मागच्या अंगाला. एवढं उंच स्टूल की माझे पाय लोंबकळत राहिले. समोर काचेच्या फळ्यांवर बाटल्या, आणि सगळ्या चहाच्या रंगाच्या. मी बघूनच तोंड वाकडं केलं. आमच्याकडे दारूला रंग म्हणजे लबाडी. चांगली फेणी पाण्यासारखी असते. जो साखर जाळून घालतो तो काहीतरी लपवतो.

मुलगा काळं जाकीट घालून उभा. मला तो ओळखू येईना. घरी पंचा गुंडाळून फिरणारा पोर, इथे हात असे चालत होते की मी बघतच राहिलो.

"बाबा, काय देव?"

"पाणी."

"पाणी खंयपण गावता. माझ्या हातचा कायतरी घ्या."

"ह्या रंगीत पाण्यातला? माका नको."

त्यानं फळीकडे हात नेला. जाड बुडाचा बुटका पेला घेतला. त्यात साखरेचा पाक, एका बारक्या बाटलीतून दोन थेंब काहीतरी काळं, वर चहाच्या रंगाची दारू. मुठीएवढा बर्फाचा एकच खडा, काचेसारखा आरपार, आणि एक लाल फळ. लांब दांड्याच्या चमच्यानं सावकाश ढवळलं. मग संत्र्याची साल कापली, काडी पेटवली आणि साल ज्योतीवर पिळली. भुर्रकन ठिणग्या उडाल्या. बाजूची एक गोरी बाई टाळ्या वाजवू लागली. शेवटी त्यानं बारीक नळी पेल्यात बुडवली, वरचं टोक बोटानं दाबलं, एक थेंब उचलून आपल्या जिभेवर टाकला आणि मागे वळून थुंकला.

थेंब घ्यायचा आणि थुंकायचा, हे तो माझ्या चुलीसमोर शिकला होता. त्याला आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक.

"ह्या कसला?"

"बर्बन. अमेरिकेची. मक्यापासून काढतत."

"मको गुरांका घालतत," मी म्हटलं, आणि प्यालो.

काय सांगू. आधी साल नाकात गेली, मग गोड, मग पाठीमागून कडू, आणि सगळं गिळून झाल्यावर घशात एक ऊब राहिली. तिच्यात धुराचा वास होता, पण माझ्या चुलीच्या धुराचा नव्हे. ओळखीचं होतं आणि ओळखता येत नव्हतं. एकाहत्तर वर्षांत माझ्या जिभेला असं कुणी कोड्यात टाकलं नव्हतं. मी थुंकायचं विसरलो. पेला रिकामा केला आणि पुढे सरकवला.

"आनीक एक?" मुलगा हसला.

"तपासूक व्हया."

शेजारच्या स्टुलावरच्या घरकारणीनं जन्मात दारूला तोंड लावलेलं नव्हतं. पण माझा चेहरा बघून तिनं दुसऱ्या पेल्याला नाक लावलं, मग ओठ. म्हणाली, "आमच्या मामाकडचो फणशी पेटारो उघडल्यासारखो वास येता." मी म्हटलं, तुला काय कळतं. तेव्हा तसं म्हटलं खरं.

मी मुलाला सांगितलं, "ह्या मी घराकडे करीन."

"बाबा, ह्या भट्टीवरचा काम न्हय."

झालं. 'भट्टी' शब्द आला आणि वर्षभर गिळलेलं सगळं वर आलं. समुद्राच्या मधोमध, त्या गोऱ्या बाईसमोर मी पैज लावली. तू मे महिन्यात रजेवर येशील तेव्हा हेच पेय तुझ्यासमोर ठेवतो. पिऊन तू म्हणालास की तेच आहे, तर भट्टीला माझ्या हयातीत कुणी हात लावायचा नाही. नाही म्हणालास, तर भट्टी तुझी. मोड, खोल्या बांध, मी एक शब्द काढणार नाही.

"आनी ह्यात काय काय घालतत ता सांगा नको माका," मी वर जोडलं. "माझी जीब आसा."

हे शेवटचं माझ्याकडून कुणी मागितलं नव्हतं. माझा स्वभाव.

मालदीवला उतरताना मुलानं एक बाटली पिशवीत घातली. "मुद्देमाल," म्हणाला.

घरी आल्यावर बाटली देवखोलीशेजारच्या फडताळात ठेवली आणि रोज संध्याकाळी काढून बघायचो. उजेडात धरायचो, हलवायचो. फेणी हलवली की वर मण्यांसारखे बुडबुडे धरतात, त्यावरून तिचा जोर कळतो. हिचेही धरत होते. म्हणजे दारू खरी. मग रंग कसला? आणि त्या रंगाखाली काय आहे?

मी असा विचार केला: रंग आणि गोडवा कुणीतरी वरून घातला आहे. तो काढून टाकला की आतली मूळ दारू हाती लागेल. ती माझ्या जिभेला कळली की मी तशी काढीन, आणि मग वरचं सगळं एकेक करून घालीन. दारूतली घाण काढायची आमच्याकडे एकच रीत, पुन्हा चुलीवर चढवायची. पहिल्या धारेत काय आलं हे कळायला माझ्याकडे एक लहान मडकं आणि तांब्याची नळी होती. त्या मडक्यात मी अमेरिकेची बाटली ओतली. औषधाच्या बाटलीत थोडीशी ताडून बघायला ठेवली, बाकी सगळी.

घरकारीण चुलीशी आली. "ता काय करतास?"

"शुद्ध करतंय."

"झिलान दिलेली?"

"तशीच कळाची नाय."

मंद जाळ केला. नळीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं. थेंब येऊ लागले, पांढरे स्वच्छ. मी खूश. तळहातावर घेतले, चोळले, नाकाशी नेले.

काहीच नाही. म्हणजे दारू होती, कडक होती, थोडा भिजलेल्या धान्यासारखा वास होता. पण ती ऊब, घशातला तो धूर, काही नाही. जहाजावरचं सगळं कुठे गेलं? हवेत गेलं म्हणावं तर भट्टीत वास भरला असता. मी दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. जग फिरून आलेली बाटली मी बाजारातल्या पांढऱ्या दारूसारखी करून ठेवली होती.

मग चूल विझवून मडक्यात बघितलं. तळाशी काळसर पाणी उरलेलं. आम्ही असलं पाणी माडाच्या मुळात ओततो. ओतायला उचललं आणि वाफ नाकात गेली. मी तसाच थांबलो. बोट बुडवून चाटलं. कडू, तुरट, त्यात दारूचा अंश नाही, पण तो वास! इथेच बसला होता. अख्खी मजा खाली, गाळात.

म्हणजे ती चव दारूची नव्हतीच. दारू काढून झाल्यावर तिच्यात काहीतरी मुरलं होतं, आणि ते चुलीवर वर चढत नव्हतं. आयुष्यभर मी समजत होतो की दारू म्हणजे जे वर चढतं ते. खाली राहतं तो कचरा. मी पुन्हा बोट बुडवलं.

"पेटारो," मागून घरकारीण म्हणाली. तिनं वास घेतला होता. "फणशी पेटारो. मी तेव्हा सांगलंय."

लाकूड! मी मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

आता कुणालाही विचारता आलं असतं. म्हापशाला शिकलेली माणसं आहेत, मुलाला फोन लागत होता. पण मी शब्द दिला होता की विचारणार नाही, आणि शब्द नसता दिला तरी विचारलं नसतं. मी लाकडं गोळा करायला लागलो.

त्या हंगामात भट्टीवर फेणी काढून झाली की बाजूला बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीत फेणी आणि एकेका झाडाचा तुकडा. खैराच्या तुकड्यानं फेणी तांबडी झाली आणि पान खाल्ल्यासारखं तोंड आवळलं. आंब्याच्या लाकडाला काहीच सांगायचं नव्हतं. काजीचं लाकूड घातलं ते घशाला खाजवलं. माटाचं, म्हणजे ऐनाचं, लाकूड घातलं तेव्हा घरकारीण बरणी हुंगून म्हणाली, "ह्या ढोरांच्या गोठ्यात ठेवा."

तिला मी रोज हुंगायला लावायचो, कारण माझी जीब हंगामाच्या दिवसांत काजूनं भरलेली असते, आणि जहाजावरची चव माझ्याशिवाय तिनंच घेतलेली. ती मासळी कापता कापता मान वळवायची, नाक पुढे करायची, "न्हय" म्हणायची आणि परत विळीकडे. तिचं 'न्हय' ऐकायची मला सवय झाली. राग येण्याऐवजी मी विचारायला लागलो, "न्हय म्हणजे कसा न्हय?" मग ती सांगायची. ह्यात ओलेपणा आहे. ह्यात धूर आहे पण गोड धूर नाही. लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली, तिला एवढं काही मी कधी विचारलं नव्हतं.

गोड धुरावरून मला सुचलं की लाकूड कच्चं घालायचं नाही, निखाऱ्यावर धरून काळं करून घालायचं. फणसाचा तुकडा असा भाजून बरणीत टाकला. फेणी हळूहळू पिवळी, मग मधासारखी झाली. पहिल्यांदाच घरकारणीनं विळी बाजूला ठेवून दुसऱ्यांदा हुंगलं.

"लागीं इला," म्हणाली.

त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

याच सुमारास व्याही डिचोलीहून आले, टेप घेऊन. जागा मोजून बघतो म्हणाले, नुसती बघतो. मी बरण्यांत गुंतलेलो. बाहेर येऊन बघतो तर व्याही ओट्यावर बसून सोडा पीत होते, आणि बाजूला माझी औषधाची बाटली, रिकामी.

"व्याह्यांनू, ती खंयची घेतलास?"

"फडताळार होती. तुमच्या फेणीपेक्षा बरी आसा हां. नाकात वास जाणा नाय."

ताडून बघायला ठेवलेली शेवटची बर्बन, सोड्यात. पाहुणे माणूस, म्हणून मी रिकामी बाटली उचलून आत ठेवली. पण जाताना त्यांची टेप भट्टीच्या छपरात अडकली तेव्हा मी सोडवायलाही गेलो नाही.

आता फक्त आमच्या दोघांच्या आठवणीवर काम होतं. कडू थेंबांसाठी मी काडे किरायतं भिजत घातलं, तापात पोरांना पाजायचो तेच, आणि त्यात लवंग, दालचिनी. साखरेऐवजी माडाचा काळा गूळ, कारण पाकाला जो करपट गोडवा हवा तो साखरेत मिळेना. जहाजावरच्या पेल्यात लाल फळ होतं, त्याला मी करवंदं गुळात मुरवली. संत्री म्हापशाहून आणली. काजूचा वास मारायला फेणी तिसऱ्यांदा भाणात घातली. आमच्यात असं कुणी करत नाही. शेजारी म्हणाला, म्हाताऱ्याला वेड लागलं. वास कमी झाला. गेला नाही.

मे महिन्याच्या शेवटाला मुलगा आला. दुसऱ्या दिवशी रविवार, व्याहीही निमित्त साधून आले. दुपारची झोप झाल्यावर मी ओट्यावर मांडामांड केली. पाणी दोनदा उकळून डब्यात गोठवलेलं, तरी बर्फ मधोमध पांढरा झाला. कोयत्यानं फोडला. गुळाचा पाक, किरायत्याचे थेंब, फणसातली फेणी. जाड बुडाचा पेला नव्हता, पितळेचा चालला असता, पण रंग दिसायला हवा म्हणून काचेचा चहाचा घेतला. संत्र्याची साल चुलीतल्या निखाऱ्यावर पिळली. ठिणगी उडाली. एक.

"वा!" व्याही म्हणाले. "सर्कस."

मुलाच्या हातात पेला दिला आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. भट्टी त्याच्या पाठीमागेच होती. त्याच्या खांद्यावरून मला भाणाची कड दिसत होती.

त्यानं पेला उचलला आणि एका दमात अर्धा संपवला.

"सेम, बाबा," म्हणाला. "तंतोतंत. जिंकलास तुमी."

व्याह्यांचा चेहरा पडला. खरं तर मी उड्या मारायला हव्या होत्या. पण माझ्या डोळ्यांसमोर जहाजावरची ती नळी आली. एक थेंब, जीब, आणि थुंकणं. जो चव बघतो तो गिळत नाही. ह्या पोरानं गिळलं होतं. त्यानं चव बघितलीच नव्हती. जहाजावरून निघतानाच उत्तर ठरवून आला होता.

दान म्हणून मिळालेली भट्टी मला नको होती. मी पेला त्याच्या हातातून घेतला आणि घरकारणीपुढे धरला. ती दारात भिंतीला टेकून उभी होती.

"तू सांग."

"मी कित्या?"

"तू जहाजार चाखलंस."

तिनं पेला घेतला. आधी नाक, मग ओठ. मुलगा बाजूनं हातानं खुणा करत होता, मला दिसत होत्या. तिलाही दिसत होत्या.

"न्हय," ती म्हणाली.

"आई!"

"माका ईचारल्यानी, मी सांगलंय. काजू येता ह्यात. जहाजार काजू नाय होतो." मग पेला माझ्या हातात देत खालच्या आवाजात, "पेटाऱ्याचो वास मात्र बरो जमलो."

मी म्हटलं, "हरलंय मी. भट्टी तुझी."

खरं सांगतो, मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्याही पुढे दुसरीच एक गोष्ट ढकलत होती. पैज संपली होती. म्हणजे विचारायला आता बंदी नव्हती.

"आता सांग," मी मुलाला म्हटलं. "लाकूड खंयचा?"

तो दचकला. बापानं त्याला आजवर काही विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मग तो माझ्याशेजारी ओट्यावर बसला. म्हणाला, ओक नावाचं झाड असतं, त्याची पिंपं करतात. पिंपाला आतून आग लावतात.

"आतून? तुकडो न्हय, अख्खो पिंप?"

"अख्खो. आतलो सगळो कोळसो करतत. मग दारू भरतत, वर्सान् वर्सां ठेवतत. उन्हाळ्यात ती लाकडात शिरता, थंडीत भायर येता."

"आनी मगे पिंप परत जाळतत?"

"परत नाय. एकदाच वापरतत. मगे दुसऱ्यांका ईकतत."

एकदाच! एवढं करून एकदाच. मी ते घरकारणीला मोठ्यानं सांगितलं, जशी ती तिथे नव्हतीच. मग मी विचारत गेलो आणि तो सांगत गेला. पिंपात दारू कमी होते का? होते, हवा पिऊन जाते. मका किती दिवस कुजवतात? त्या काळ्या थेंबांत काय असतं? त्यात किरायत्यासारखीच कुठलीतरी कडू मुळी असते हे ऐकून मी व्याह्यांकडे बघितलं. ते ऐकतही होते आणि करवंदंही खात होते. कुठल्या बंदरात तो काय शिकला, पहिल्या वर्षी बर्फ चुकीचा फोडला म्हणून कसा ओरडा खाल्ला, हे सगळं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घरकारीण तुळशीकडे दिवा लावायला उठली तेव्हा आम्ही अजून पिंपातच होतो.

मग मुलगा म्हणाला, "बाबा, भट्टी माझी झाली मां?"

"झाली."

"मोडूक, ठेवूक, ता माझ्यार?"

"तुझ्यार. शब्द म्हणजे शब्द."

"मगे रवांदे ती."

"आनी खोल्यो?" व्याही करवंद गिळून म्हणाले.

"खोल्यो वरच्या अंगाक बांधू. थंय काय जागा कमी आसा?" मग माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून, "पण आता भाण पेटवच्या आधी माका ईचारूक व्हया हां, बाबा."

तो थट्टेत म्हणाला. व्याही हसले, घरकारीणही तोंडाला पदर लावून हसली. मी हसलो नाही. ज्याची वस्तू त्याला विचारायचं, यात थट्टा कसली? फक्त, विचारायची मला सवय नव्हती. जेवलो आणि गप झोपलो. अंथरुणात पडून भिंतीवर फणशी लाकडाच्या फळ्या मांडत होतो, गोल कशा वाकवायच्या ते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच भट्टीवर गेलो. भाण उतरवलं, चिंच आणि राख लावून घासलं, विहिरीवर धुतलं. हंगामाच्या शेवटचा रस पिंपात आंबून तयार होता, त्याची एक चूल, म्हणजे एक खेप, लागणार होती. भाण खांद्यावर घेऊन घरी आलो आणि मुलाच्या खोलीच्या दारासमोर ठेवलं. तो जहाजावरून आलेला, दिवस वर येईपर्यंत झोपतो. घरकारणीनं चहा आणून दिला, काही विचारलं नाही. मी भाणाला पाठ टेकून बसलो.

दार उघडल्यावर उठून उभा राहिलो आणि विचारलं, "तुझ्या भाणात आज एक चूल काढू काय?"